ओरिजिनल म्हणजे कुठलं, ते आधी सांगा

गिटारवाल्यांमध्ये एक भांडण कायम धुमसत असतं: ओव्हरड्राइव्हचं मूळ पेडल भारी, की त्याची डिजिटल नक्कल? मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो आणि गिटारही वाजवतो, त्यामुळे दोन्ही पंगतींत माझं पान आहे. माझ्या मते हे भांडणच चुकीच्या मुद्द्यावर चाललंय.

मूळ म्हणजे नेमकं काय? आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर टीएस८०८ हा १९७०च्या दशकाच्या अखेरचा. नावात ट्यूब आहे, आत एकही नाही. आत आहे एक ऑप-अँपची चिप, दोन सिलिकॉन डायोड आणि मूठभर रेझिस्टर, कपॅसिटर. जोरात वाजवलेला व्हॉल्व्हचा अँप जसा फाटतो, तसा आवाज छोट्या डबीतून काढायचा हा त्यामागचा खटाटोप. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणून ओवाळतो, तीच एक नक्कल. त्यात कपॅसिटरची किंमत छापील आकड्यापेक्षा दहा-वीस टक्के इकडेतिकडे असू शकते. एकाच कारखान्यातल्या दोन डब्याही तंतोतंत सारख्या नसतात. मग नक्कल फसली म्हणता, ती कुठल्या डबीशी ताडून?

डिजिटलवाल्यांनी एवढ्यात टाळ्या पिटू नयेत. लहरीचा माथा कापला की वरच्या पट्टीतले नवे स्वर तयार होतात. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या यंत्रात २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. ते उलटं फिरून खाली येतं आणि बेसूर खरखर होते. ती टाळायला जास्त नमुने घेऊन गणित करावं लागतं, प्रोसेसर दमतो. स्वस्त अ‍ॅप नेमकी इथेच काटकसर करतं आणि वर 'हुबेहूब' अशी जाहिरात करतं.

तरीही शुद्धतावाद्यांचा मला जास्त राग येतो. भोर तालुक्यातल्या आमच्या आंबवड्यात व्हॉल्व्हचा अँप फाटेपर्यंत वाजवला, तर अख्खी आळी दारात येईल. तिथल्या पोराकडे फोन, हेडफोन आणि एक साधी गिटार असते. त्याला 'तुला टोनच नाही' म्हणणं म्हणजे 'तुझी ऐपत नाही' हेच सभ्य भाषेत सांगणं. १९९४ साली आलेलं क्लॉन सेंटॉर हे पेडल आज लाखांत विकलं जातं. ती किंमत कानाने ठरवलेली नाही, दुर्मिळतेने ठरवलेली आहे.

खरा फरक आवाजात नाहीच, तो दुरुस्तीत आहे. पेडल बंद पडलं तर स्क्रू काढा, डाग द्या, चालू. चाळीस वर्षांपूर्वीची डबी आजही वाजते. अ‍ॅपचं तसं नाही. फोनची सिस्टिम बदलली, कंपनीने हात वर केले, की विकत घेतलेला आवाज गेला. असे निर्णय कसे होतात, ते आमच्या धंद्यात मी रोज बघतो.

मिरजेच्या तंबोऱ्याकडे बघा. त्याची जवारी झिजते, कारागीर घोडी पुन्हा घासून देतो आणि वाद्य पुढच्या पिढीकडे जातं. फोनमधला तंबोरा रियाजाला सोयीचा आहे, मीही वापरतो. पण त्याची जवारी बिघडली तर कुणाकडे न्यायची?

म्हणून नक्कल जरूर घ्या, पण तिचं पोट उघडता येतं का, ते विचारा. न्यूरल अँप मॉडेलरसारखं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. कुणीही उघडून बघावं, बदलावं. ट्यूब स्क्रीमरचं सर्किटही आता गुपित राहिलेलं नाही. पुण्यात तपकीर गल्लीत अर्धा तास फिरलात, तर त्याचे बरेचसे भाग हाती लागतील. इंजिनिअरिंगची चार वर्षं ऑप-अँपची गणितं सोडवलेल्यांनी एकदा ते जोडून बघावं. पहिल्या फटक्यात वाजणार नाही. कुठला डाग सुटलाय ते शोधा, आणि मग ओरिजिनलवर भांडायला या.