पाणी गरम झाले म्हणजे शुद्ध झाले का?

गेल्या हिवाळ्यात लोहाऱ्याच्या आमच्या घरी एक विक्रेता यंत्र घेऊन आला. भिंतीवर टांगायचे, दोन तोट्यांचे. एका तोटीतून गाळलेले साधे पाणी, दुसरीतून तेच पाणी वाफाळते. "काकू, आता पातेलं चढवायचं कामच नाही," तो अम्मीला म्हणाला. अम्मीचे मन लगेच वळले आणि त्यात तिची चूक नाही. कितीतरी वर्षे ती बोअरचे पाणी रोज उकळून आम्हाला पाजते आहे. आता तिचे हात कापतात. ती गरम पातेले गॅसवरून उतरवते तेव्हा मलाच धडकी भरते. सहेरीचा चहा, नातवाचे दूध, थंडीत घसा शेकायला घोटभर पाणी; गरम पाणी तर लागतेच.

मग त्याने एक खेळ दाखवला. दोन ग्लास, एकात आमचे पाणी, दुसऱ्यात यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडली. आमच्या ग्लासात तपकिरी गाळ उठला, त्याचा ग्लास स्वच्छ राहिला. अम्मी "तौबा तौबा" म्हणाली.

तो गाळ पाण्यात नव्हताच. तो लोखंडी कांडीचा होता. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, कांडी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी, म्हणून तिथे काही घडत नाही. म्हणजे हा खेळ पिण्यायोग्य पाण्यालाही घाणेरडे ठरवतो. त्याच्या खिशातला टीडीएस मीटरही अर्धीच गोष्ट सांगतो. पाण्यात विरघळलेले क्षार एकूण किती, याचा तो अंदाज देतो. ते कोणते, हे सांगत नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत.

आपल्या जिल्ह्यात 'कोणते' हाच प्रश्न मोठा आहे. केळापूर, वणी, झरी-जामणी भागातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. दातांवर पिवळे-तपकिरी डाग आणि पुढे हाडे-सांधे आखडणे, ही त्याची खूण. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. आणि इथेच अम्मीच्या पातेल्याची मर्यादा येते. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि फ्लोराइड मागे राहते. लिटरमागे २ मिलिग्रॅम असलेले एक लिटर पाणी आटून पाऊण लिटर झाले, तर तेच प्रमाण २.७ च्या आसपास जाते. ज्या आईने मुलांच्या काळजीपोटी पाणी जास्त वेळ उकळले, तिनेच नकळत ते जास्त तीव्र केले. तिला हे कोणी सांगितलेच नव्हते.

मग गाळणे आणि गरम करणे एकाच यंत्रात आणणे चूक आहे का? नाही. क्रम बरोबर असेल तर ती जोडी चांगली आहे. आरओचा पडदा गरम पाणी सहन करत नाही, म्हणून गाळणे आधी आणि तापवणे नंतरच हवे. त्याचा फायदाही आहे. कठीण पाणी तापले की चुन्याचा पांढरा थर कॉइलवर बसतो. आधी क्षार निघाले तर कॉइल टिकते. लहान बाळाच्या पावडरच्या दुधासाठी किमान ७० अंशांचे पाणी वापरावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते (पाजण्यापूर्वी ते निववायचे, हे आलेच). तिथे अशी तोटी खरोखर कामाची.

पण 'झटपट' या शब्दाचा हिशेब करून पाहा. २५ अंशांचे एक लिटर पाणी ९५ अंशांपर्यंत न्यायला साधारण ०.०८ युनिट वीज लागते. ती फार नाही. मात्र तेच मिनिटभरात करायचे तर जवळपास ५ किलोवॅटचा भार लागतो आणि तो घरातल्या १६ अँपिअरच्या प्लगला झेपत नाही. म्हणून २ किलोवॅटचे यंत्र मिनिटाला जेमतेम ४०० मिलिलिटर देते. चहाच्या दोन-तीन कपांना ते पुरेसे आहे, बादलीला नाही. आणि एक भाग बिघडला की दोन्ही तोट्या बंद पडण्याची शक्यता असते. मेकॅनिक येईपर्यंत घर पुन्हा पातेल्यावर.

राहिला सांडपाण्याचा प्रश्न. साधे घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकते. ज्या यवतमाळने २०१८ चा उन्हाळा टँकरच्या रांगेत काढला, तिथे हे पाणी नालीत जाऊ देणे मनाला पटत नाही. टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी आणा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला सांगितले होते. आपल्याकडे तर वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये अशी शिकवण आहे. हे पाणी खारट असते, नापाक नाही. समुद्राच्या पाण्याने वुजू होते, तर याने का होऊ नये? ते प्यायचे नाही, जनावरांना पाजायचे नाही. फरशी, संडास आणि वुजू, एवढ्यात संपते.

आम्ही विक्रेत्याला थांबायला सांगितले आणि बाटलीभर पाणी तपासायला दिले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा याचसाठी आहेत. आलेले आकडे इथे देत नाही, कारण ते फक्त आमच्या बोअरचे आहेत. शेजारच्या बोअरचे वेगळे असू शकतात. अहवाल पाहून आम्ही गाळणी वेगळी घेतली आणि अम्मीसाठी आपोआप बंद होणारी, एका हाताने उचलता येणारी छोटी विजेची किटली. पातेले आता भाजीपुरते.

माझे म्हणणे एवढेच आहे: आधी तपासा, मग गाळा, शेवटी तापवा. घरोघरी महागडे यंत्र परवडणार नाही, पण तपासणी परवडेल. जुम्याच्या नमाजला येताना प्रत्येकाने आपल्या बोअरच्या पाण्याची एक बाटली आणली आणि मशिदीच्या दोन तरुणांनी त्या प्रयोगशाळेत पोचवल्या, तर महिनाभरात मोहल्ल्याला आपले पाणी कळेल. त्यात शेजारच्या हिंदू घरांच्या बाटल्याही असाव्यात. जमिनीखालचा झरा कुणाच्या घराची पाटी वाचून वाहत नाही.