ऐन हंगामातील बदल आणि आपला न्याय

बिरसी हे नाव गोंदिया जिल्ह्याबाहेर ठाऊक आहे ते ब्रिटिश अमदानीत, १९४० च्या सुमारास, बांधल्या गेलेल्या तेथील धावपट्टीमुळे. एरवी हे धानाच्या बांध्यांनी वेढलेले एक लहान गाव. मार्च ते मे या महिन्यांत उन्हाळी धानाला पाणी देऊन माणसे सायंकाळी चहाच्या टपरीवर टेकली, की विषय निघतो तो धानाच्या भावाचा नव्हे. तो निघतो मुंबई इंडियन्सच्या अकरा जणांचा. कोणाला बसवायला हवे होते, कोणाला आणायला हवे होते, कर्णधारपद कोणाकडून काढून घ्यायला नको होते, यावर शिक्षक, तलाठी कार्यालयातील कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी सारख्याच अधिकारवाणीने बोलतात. मुंबई येथून लोहमार्गाने साडेनऊशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. परंतु आपुलकीला अंतर नसते.

या चर्चांची टवाळी करण्याचा येथे हेतू नाही. जो माणूस अर्थसंकल्पाचे आकडे वाचण्याचे टाळतो, तोच माणूस येथे सरासरी, धावगती आणि लिलावातील किमती तोंडपाठ सांगतो. लोक हिशेब करू शकतात, याचा हा पुरावाच आहे. प्रश्न एवढाच, की हिशेब इतका चोख मांडणारे आपण न्याय मात्र इतका कच्चा का करतो?

प्रथम या बदलांचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये हंगाम अर्ध्यावर असताना, फेब्रुवारीतील ठरावीक मुदतीपर्यंत, संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. आपल्याकडील इंडियन प्रीमियर लीगमध्ये संघाची बांधणी मुख्यतः लिलावात होते. हंगाम सुरू झाल्यावर उरतात ते तीनच मार्ग : बाहेर बसलेल्याला आत घेणे, जखमी खेळाडूच्या जागी नवा आणणे आणि कर्णधार बदलणे. त्यातही मैदानावरच्या अकरांत परदेशी खेळाडू चारच चालतात, आणि पैशालाही मर्यादा असते. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये खर्चता येत होते. मुंबईने त्यांतील ७५ कोटी बुमराह, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक वर्मा या पाच जणांनाच राखून ठेवण्यात खर्च केले. साधने मर्यादित आणि गरजा अनेक, ही अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठातील स्थिती येथे तंतोतंत आढळते.

अशा स्थितीत चांगला निर्णय कसा असतो, याचे उदाहरण २०१३ साली मिळाले. त्या हंगामासाठी मुंबईने रिकी पाँटिंगला चार लाख डॉलर्सना घेतले आणि कर्णधार केले. पहिल्या सहा सामन्यांत संघाने तीन जिंकले, तीन हरले. पाँटिंगच्या स्वतःच्या धावा झाल्या ५२. तेव्हा तो स्वतःच बाजूला झाला आणि सूत्रे पंचवीस वर्षांच्या रोहित शर्माकडे आली. त्याच हंगामाच्या शेवटी, २६ मे रोजी, मुंबईने चेन्नईला २३ धावांनी हरवून पहिले अजिंक्यपद मिळविले.

या निर्णयाचे श्रेय विजयामुळे द्यायचे, की त्यामागील विचारामुळे? पाँटिंगवर खर्च झालेला पैसा परत येणार नव्हता. अर्थशास्त्रात यालाच बुडीत खर्च म्हणतात. झालेल्या खर्चाकडे पाहून पुढचा निर्णय घ्यायचा नसतो. पुढे काय मिळणार आणि काय गमवावे लागणार, एवढेच पाहायचे असते. धावा न होणाऱ्या कर्णधाराने परदेशी खेळाडूच्या चार जागांपैकी एक अडविली होती. ती मोकळी होणे हाच खरा लाभ होता. मोठ्या नावाचा आणि मोठ्या किमतीचा मोह सोडून हा हिशेब केला गेला, म्हणून तो निर्णय योग्य होता. समजा, अंतिम सामना मुंबई हरली असती, तरीही तो योग्यच ठरला असता.

नेमके हेच आपल्या पचनी पडत नाही. आपण निकाल पाहतो आणि त्यावरून निर्णयाची पारख करतो. वस्तुतः या जिल्ह्यातील शेतकऱ्याला हा भेद कोणी शिकवावा लागू नये. पाऊस लांबला, म्हणून भारी धानाचा नाद सोडून त्याने हलके धान घेतले, आणि पुढे पाऊस अगदी परतीपर्यंत भरभरून पडला, तर शेजाऱ्याचे भारी धान अधिक उतरेल. म्हणून काय याचा निर्णय मूर्खपणाचा होता? ज्या दिवशी निर्णय घेतला, त्या दिवशी आभाळात काय दिसत होते, याचाच विचार करावा लागतो. शेतात आपण हे मानतो. टपरीवर मात्र विसरतो.

दुसरी चूक थोड्या सामन्यांवरून मोठा निष्कर्ष काढण्याची. साखळीत एका संघाचे सामने होतात चौदा. वीस षटकांच्या खेळात एक झेल, एक धावबाद किंवा मैदानावर पडलेले दव सामना फिरवू शकते. २०१५ साली मुंबई पहिले चार सामने हरली. आरन फिंच जखमी झाला, त्यामुळे लेंडल सिमन्सला सलामीला संधी मिळाली. त्याने हंगामात ५४० धावा केल्या आणि संघ अजिंक्य ठरला. तेव्हापासून ‘मुंबई सुरुवातीला हरते आणि मग बदल करून जिंकते’ अशी एक म्हणच चाहत्यांत रूढ झाली. परंतु २०२२ साली संघ पहिले आठ सामने हरला, बदल करूनही शेवटच्या क्रमांकावर राहिला, हे त्या म्हणीत बसत नाही. म्हणून ते सोयीस्करपणे गाळले जाते. त्याच हंगामात सव्वाआठ कोटींना घेतलेल्या टिम डेव्हिडला दोन सामन्यांनंतर बाहेर बसविले गेले. परतल्यावर उत्तरार्धात त्याने झटपट धावा केल्या. म्हणजे बदल न करण्याची चूक जशी असते, तशी दोन सामन्यांवरून बदल करण्याचीही असते. आणि जो संघ चार सामने वाईट खेळला, तो पुढे काहीही न बदलताही बहुधा बरा खेळतो. कारण कामगिरी आपल्या सरासरीकडे परत येत असते. श्रेय मात्र मधल्या बदलाला मिळते.

२०२५ च्या हंगामाने याचा उत्तम नमुना दाखविला. पहिल्या पाचपैकी चार सामने मुंबई हरली. ७ एप्रिलला जसप्रीत बुमराह दुखापतीतून परतला, तो सामना संघाने बंगळुरूविरुद्ध १२ धावांनी गमावला. १३ एप्रिलला दिल्लीविरुद्ध कर्ण शर्माला बदली खेळाडू म्हणून उतरविले, त्याने तीन बळी घेतले, आणि संघ १२ धावांनीच जिंकला. तेथून लागोपाठ सहा विजय झाले. टपरीवरचा निर्णय असा की कर्णला आणले, म्हणून गाडी रुळावर आली. त्याची गोलंदाजी मोलाची होती, यात शंका नाही. परंतु त्याच सामन्यात एकोणिसाव्या षटकात दिल्लीचे तीन फलंदाज लागोपाठच्या तीन चेंडूंवर धावबाद झाले, हे कोणत्या बदलाच्या खात्यावर मांडायचे? आणि जगातील एक सर्वोत्तम गोलंदाज संघात परतला होता, हे तर त्याच्या पराभवाच्या सामन्यातही तितकेच खरे होते.

इथवर हा केवळ तर्काचा प्रश्न आहे. परंतु तर्कातील चूक जेव्हा एका माणसाच्या माथी मारली जाते, तेव्हा तो न्यायाचा प्रश्न होतो. १५ डिसेंबर २०२३ रोजी रोहितच्या जागी हार्दिक पंड्या कर्णधार झाल्याचे जाहीर झाले. ज्याने पाच अजिंक्यपदे मिळवून दिली, त्याला बाजूला केल्याचे दुःख समजण्याजोगे होते. पण २०२४ च्या मार्चमध्ये अहमदाबाद आणि हैदराबाद येथे आणि १ एप्रिलला मुंबईच्या स्वतःच्या वानखेडे मैदानावर, प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडविली. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागण्याची समज द्यावी लागली. त्या हंगामात मुंबईने चौदांपैकी चार सामने जिंकले आणि ती तळाला राहिली. ‘पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असे सर्वांनी म्हटले.

आता दुसरा आकडा पाहावा. २०२२ साली, रोहित कर्णधार असताना, मुंबईने चौदांपैकी किती सामने जिंकले होते? चारच. क्रमांक कोणता होता? शेवटचा. कर्णधार वेगळे, निष्पत्ती तीच. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत असे घडले असते, तर विद्यार्थ्यानेही सांगितले असते की कारण दुसरीकडे शोधा. संघबांधणीत शोधा, लिलावातील निवडीत शोधा, गोलंदाजीच्या खोलीत शोधा. आपण मात्र एकाच माणसाकडे बोट दाखविले, कारण माणूस दिसतो, व्यवस्था दिसत नाही.

पुढची कथा सर्वांना माहीत आहे. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाऊन येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक टाकून दक्षिण आफ्रिकेला १६ धावा करू दिल्या नाहीत, तो हार्दिकच होता. ४ जुलैला विजयी संघ वानखेडेवर आला, तेव्हा तेथे त्याच्याच नावाचा घोष झाला. एप्रिल ते जुलै या तीन महिन्यांत तो माणूस बदलला नव्हता, मैदानही बदलले नव्हते. बदलला होता तो फक्त फलकावरचा निकाल. ज्यांनी हुर्यो उडविली आणि ज्यांनी घोष केला, त्यांतील कोणीही आधीच्या वर्तनाचा हिशेब दिला नाही. गर्दीला हिशेब मागण्याची सोयच नसते.

यावर असे विचारले जाईल, की मग चाहत्याने टीका करूच नये काय? अवश्य करावी, पण वेळीच आणि योग्य पत्त्यावर. फेब्रुवारी २०२५ च्या आरंभी डॅलसच्या बास्केटबॉल संघाने लुका डाँचिच या आपल्या पंचविशीतील अव्वल खेळाडूला लॉस एंजेलिसकडे देऊन त्याच्याऐवजी वयाने मोठा अँथनी डेव्हिस घेतला. चाहत्यांनी त्याच आठवड्यात निदर्शने केली, आणि त्यांचा रोख नव्याने आलेल्या खेळाडूवर नव्हता, व्यवहार करणाऱ्या व्यवस्थापकावर होता. त्यांनी निकालाची वाट पाहिली नाही. तरुण खेळाडू देऊन प्रौढ खेळाडू घेण्याचा हिशेबच चुकीचा आहे, असे ते म्हणत होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या व्यवस्थापकाला पदावरून दूर केले गेले. मुंबईच्या चाहत्यांचा मूळ आक्षेपही विचार करण्याजोगा होता. पण ज्यांनी निर्णय घेतला ते पडद्याआड राहिले आणि ज्याने तो स्वीकारला त्याने शिव्या खाल्ल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मुंबईचा हा संघ २००८ साली सुमारे ११ कोटी १९ लाख डॉलर्सना एका उद्योगसमूहाने विकत घेतला. चाहता त्याला ‘आमचा संघ’ म्हणतो, परंतु त्याच्या हाती भागही नाही आणि मतही नाही. ज्याला निर्णयात हात नाही, तो आवाजात आपले समाधान शोधतो. हे मानवी आहे. पण त्याची किंमतही असते. आपलीच जाण अचूक आहे, या भ्रमावर काल्पनिक संघ लावून पैसे उधळणारे तरुण या जिल्ह्यातही कमी नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायद्याने व्यवहार थांबविता येतो. भ्रम थांबविता येत नाही. आणि हाच भ्रम पुढे शाळेचा निकाल, पतसंस्थेची अवस्था किंवा ग्रामपंचायतीचे काम यांवर बोलतानाही आपल्यासोबत येतो. निकाल वाईट लागला की मुख्याध्यापक बदला, चांगला लागला की त्यांचा सत्कार करा. मधल्या काळात वर्गात किती शिक्षक होते, हे कोणी विचारीत नाही.

शेवटी विदर्भाविषयी एक शब्द. २०२४-२५ च्या रणजी हंगामात विदर्भाने तिसऱ्यांदा अजिंक्यपद मिळविले आणि हर्ष दुबे या आपल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने ६९ बळी घेऊन एका हंगामातील बळींचा विक्रम केला. लिलावात त्याला कोणी घेतले नव्हते. मे २०२५ मध्ये हैदराबादच्या संघातील एक खेळाडू जखमी झाला, तेव्हा ऐन हंगामात ३० लाख रुपयांना त्याला बोलावले गेले. म्हणजे ज्या बदलांवर आपण रात्री जागवितो, त्यांतील एक बदल आपल्याच मातीतला होता. आणि ज्याने तो निवडला, त्याने मोठे नाव पाहिले नसून पूर्ण हंगामाची कामगिरी पाहिली होती.

टपरीवरच्या चर्चा चालू राहाव्यात. त्यांच्यावाचून उन्हाळ्याची संध्याकाळ सरणार नाही. मात्र एक साधा नियम आपण स्वतःला घालून घ्यावा. बदल जाहीर झाला की सामन्यापूर्वीच आपले मत आणि त्याचे कारण वहीत लिहून ठेवावे, आणि हंगाम संपल्यावर ती वही उघडावी. आपली कारणे किती टिकली, हे तेव्हा कळेल. दुसऱ्याला हुर्यो देण्याआधी आपल्याच वहीत डोकावण्याची सवय लागली, तर खेळाचे तर भले होईलच. ज्या वर्गात आणि ज्या कार्यालयात आपण दिवसभर इतरांचा न्याय करीत असतो, तेथेही तिचा उपयोग होईल.