माजी सैनिकांसाठी तज्ज्ञ डॉक्टर पडद्यावर का नको?

फौजेत माणसे पाठवणारी गावे आपल्या सातारा जिल्ह्यात कमी नाहीत. अपशिंग्याच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे. पण हाच फौजी सत्तरी गाठतो, तेव्हा मधुमेह, हृदयविकार, मोतीबिंदू, गुडघेदुखी यांच्याशी त्याला एकट्यानेच झुंजावे लागते.

परिचयाच्या एका निवृत्त हवालदारांचे उदाहरण सांगतो. वय ७२, जुना मधुमेह. पाटण तालुक्यातील वाडीतून दर तीन महिन्यांनी पुण्याला तपासणीसाठी जात. पहाटेची एस.टी., सोबत मुलगा, त्याच्या कामाचा खाडा आणि दुपारपर्यंत रांग. डॉक्टर रिपोर्ट पाहून म्हणत, ‘त्याच गोळ्या चालू ठेवा.’ काम पाच मिनिटांचे, दिवस मात्र सगळा मोडला. शेवटी हवालदारसाहेबांनी जाणेच सोडले. गोळ्या संपल्या त्या संपल्याच. पुढे पायाला जखम झाली, चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली.

वाचकहो, औषध होते, डॉक्टर होते, योजनाही होती. आड आले ते अंतर.

माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ‘ई.सी.एच.एस.’ ही आरोग्य योजना आहे आणि देशभर तिची चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत. परंतु लहान शहरातील पॉलिक्लिनिकमध्ये प्रत्येक आजाराचा तज्ज्ञ असणे शक्य नाही. मग चिठ्ठी घेऊन मोठ्या शहराची वाट धरावी लागते. २७ मे २०२१ रोजी संरक्षण मंत्रालयाने ‘सेहत ओ.पी.डी.’ ही सेवा सुरू केली. तीत सैनिक, माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांना घरबसल्या व्हिडिओवर डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य मिळण्याची सोय झाली. पाऊल स्तुत्य आहे. पण तोफांच्या आवाजाने कान मंद झालेल्या, मोबाईलची सवय नसलेल्या म्हाताऱ्याने ती एकट्याने वापरायची कशी?

आमचे म्हणणे असे की, व्हिडिओचा पडदा रुग्णाच्या हातात नव्हे, तर पॉलिक्लिनिकच्या एका खोलीत हवा. आठवड्यातला एक वार ठरवावा. परिचारिकेने रक्तदाब, साखर, वजन पाहावे, रिपोर्ट आधीच पाठवावेत. पुण्याचा तज्ज्ञ पडद्यावर आणि इथला डॉक्टर रुग्णाच्या शेजारी. जखम दाखवायची तर परिचारिका कॅमेरा पायाजवळ नेईल. ऐकू आले नाही तर ती मोठ्याने सांगेल. केंद्र सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेत आरोग्य केंद्रातील डॉक्टर अशाच रीतीने तज्ज्ञाचा सल्ला घेतात. अमेरिकेतही माजी सैनिकांच्या संघटनांच्या इमारतींमध्ये व्हिडिओ तपासणीसाठी खोल्या ठेवल्याची उदाहरणे आहेत.

मनाच्या आजारासाठी तर ही खोली वरदानच ठरेल. झोप न लागणे, जुन्या आठवणींनी दचकणे याविषयी फौजी गावात चकार शब्द काढत नाही. बंद दाराआड तो बोलेल.

अर्थात, पडद्याला मर्यादा आहेत. पोट दाबून पाहणे, छातीला नळी लावणे तिथून होत नाही. म्हणून पहिली तपासणी शक्यतो समोरासमोरच व्हावी, पुढच्या खेपा पडद्यावर. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार काही औषधे दुरून लिहून देता येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. छातीत कळ, अचानक तोंड वाकडे होणे किंवा हातपाय लुळे पडणे, अशा वेळी पडद्यापुढे बसू नका. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.

माजी सैनिक संघटनांनी ही मागणी लावून धरावी. तरुणांनीही आपल्या घरातील वा शेजारच्या फौजी आजोबांना एकच प्रश्न विचारावा : ‘मागची तपासणी कधी झाली?’ उत्तर देताना ते घुटमळले, तर समजा, त्यांच्याही वाटेत अंतर आड आले आहे.