सिस्टीम डाऊन आहे!

अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाला हे वाक्य लोकलच्या दिलगिरीइतकं पाठ आहे. १९ जुलै २०२४ ला एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. पुन्हा चालू करावे, तर पुन्हा निळेच! उपाय? सेफ मोडमध्ये शिरून एक फाईल पुसणे. तोवर आपल्याकडे विमान कंपन्यांनी चक्क हाताने बोर्डिंग पास लिहिले! मग खिडकीवरच्या पेन्शनर आजोबांनाच "उद्या या" का? दिवे गेले म्हणून उल्हासनगरच्या दुकानदाराने कधी गिऱ्हाईक परत पाठवलंय? यंत्र जरूर ठेवा, साहेब. पण शेजारी एक वही, एक पेन आणि लिहायचा अधिकार असलेला कारकूनही ठेवा. पेन अडलंच, तर झटकलं की चालतं!