मेतकूट, थर्मल आणि शेंगेन

दिवाळी जवळ आली की प्रत्येक ऑफिसात दोन जमाती तयार होतात. पहिली, जिची डिसेंबरची सुट्टी सँक्शन झालीय. आणि दुसरी, जी पहिलीकडे बघत मशीनची कॉफी पिते. मी पडले फ्रीलान्सर. सुट्टी देणारीही मीच आणि नाकारणारीही मीच! पण धाकटा भाऊ हिंजवडीत आयटीवाला. त्याच्या अमेरिकन क्लायंटचं शटडाऊन ख्रिसमसच्या आसपास असतं. वर्षातले तेवढेच दहा-बारा दिवस त्याला कुणी रात्री अकरा वाजता कॉलवर बोलावत नाही. त्यामुळे आमच्या घराची पहिलीवहिली फॉरेन ट्रिप ठरलीय ती थेट भर थंडीत. आई, बाबा, भाऊ आणि मी. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट.

'डिसेंबरात युरोप? वेड लागलंय का? मे महिन्यात जातात लोक!' हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय. मे महिन्यात भावाला सुट्टी नसते. शिवाय स्वित्झर्लंडचा बर्फ बघायला जायचं नाहीय, शहरं बघायचीत. आणि शहरं हिवाळ्यात मस्त सजतात. चौकाचौकांत ख्रिसमस मार्केट, लाकडी टपऱ्या, भाजलेले चेस्टनट, दिव्यांच्या माळा... आपल्याकडे गणपतीत लक्ष्मी रोडवर जे वातावरण असतं ना, तसंच काहीसं. फक्त ढोल-ताशा नाही आणि तापमान शून्याच्या आसपास!

पण खरं कारण वेगळंच आहे. ते म्हणजे आईचा उजवा गुडघा. वर्ष-दोन वर्षांत ऑपरेशन करावंच लागणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. बाबांचं म्हणणं, 'मग ऑपरेशन झाल्यावरच जाऊ की, निवांत.' बाबांच्या डिक्शनरीत निवांत म्हणजे कधीच नाही, हे घरात सगळ्यांना माहितीय. आई एरवी अशा चर्चेत पडत नाही. त्या दिवशी मात्र भाजी निवडता निवडता म्हणाली, 'नंतरचं नंतर. मला आत्ता चालता येतंय.' विषय संपला. डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, जा, पण सलग चालू नका, मधे मधे बसा आणि जिने टाळा.

बॉस, इथून पुढे प्लॅनिंगचा अख्खा अँगलच बदलतो. 'बारा दिवसांत नऊ देश' छाप टूर बाद. रोज पहाटे बॅगा भरून बसमध्ये बसायचं, हे आईच्या गुडघ्याला परवडणारं नाही. म्हणून तीनच शहरं. प्रागमध्ये तीन रात्री, व्हिएन्नात चार, बुडापेस्टमध्ये तीन. विमानाचं तिकीट मल्टिसिटी, म्हणजे प्रागला उतरायचं आणि बुडापेस्टहून परतायचं. उलटा प्रवास वाचतो. मधला सगळा प्रवास ट्रेनने. प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. स्वारगेटहून कोल्हापूर गाठायला याहून जास्त वेळ लागतो!

ही तुलना माझी नाही, बाबांची. बाबा एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झाले. पस्तीस वर्षं गाड्या वेळेवर सोडल्या. सुरुवातीला 'तुम्ही दोघं जा, आम्ही घर सांभाळतो' म्हणणारा हा माणूस ट्रेनचं टाइमटेबल हातात पडल्यावर खुर्चीत पुढे सरकून बसला. वही आली, पट्टी आली, लाल पेन आलं. ऑस्ट्रियन रेल्वेच्या या गाड्यांचं तिकीट काढलं म्हणजे सीट मिळालीच असं नाही, रिझर्व्हेशनचे वेगळे पैसे भरावे लागतात, हे त्यांनीच शोधून काढलं. ख्रिसमसच्या गर्दीत आईला उभं राहावं लागू नये म्हणून त्या दिवशीच सीटा बुक करून टाकल्या. ट्राममध्ये कंडक्टर नसतो, कागदी तिकीट आपणच मशीनमध्ये घालून पंच करायचं असतं आणि न केल्यास चेकर दंड करतो, हे वाचून ते पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, 'कंडक्टरशिवाय सर्व्हिस... कमाल आहे!'

आता व्हिसा. तिन्ही देश शेंगेनमध्ये आहेत. चेक प्रजासत्ताक आणि हंगेरी २००७ च्या डिसेंबरात आत आले, ऑस्ट्रिया आधीपासूनच होता. म्हणजे एकच व्हिसा पुरतो. तो कुठल्या देशाकडे मागायचा? जिथे सगळ्यात जास्त मुक्काम, त्या देशाकडे. आमच्या केसमध्ये ऑस्ट्रिया. मुक्काम सारखे असतील तर जिथून आत शिरणार तो देश. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण पंचेचाळीसपर्यंतही लागू शकतात. डिसेंबरची अपॉइंटमेंट नोव्हेंबरात शोधणाऱ्यांना माझा नमस्कार! फी ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज. व्हिसा नाकारला तर फी परत नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा हवा. आईवडिलांचा काढताना त्यांचं बीपी, गुडघा वगैरे जुनी दुखणी त्यात धरलीत का, हे वाचून घ्या. बारीक अक्षर असतं, पण वाचा.

चौघांच्या कागदांची खरी गंमत तर पुढे आहे. भावाचं सोपं. सॅलरी स्लिप, लीव्ह लेटर, झालं. मी फ्रीलान्सर, मला लीव्ह लेटर देणार कोण? म्हणून तीन वर्षांचे आयटी रिटर्न, बँक स्टेटमेंट, इन्व्हॉइसेस आणि 'मी काय काम करते' असं सांगणारं पत्र. बाबांची पेन्शन ईपीएफवाली. ती इतकी 'भरघोस' आहे की फॉर्मवर आकडा लिहिताना त्यांनाच हसू आलं. मग भावाने स्पॉन्सर म्हणून पत्र द्यायचं ठरलं आणि तिथे घर शांत झालं.

'स्पॉन्सर म्हणजे? आमचा खर्च तू करणार असं लिहून देणार?' बाबांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. ते जास्त वाईट! पस्तीस वर्षं घर चालवलेल्या माणसाला सरकारी कागदावर मुलाचा 'डिपेंडंट' व्हायचं नव्हतं. ते एफडी मोडायला निघाले. ती एफडी आईच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली. म्हणजे पेच बघा. ट्रिप गुडघ्यामुळे आणि पैसेही गुडघ्याचेच!

चौघांचं बजेट साडेसहा लाख. २०२५ मध्ये युरोने शंभर रुपयांचा आकडा ओलांडला, तेव्हापासून हिशेब करायला फार डोकं लागत नाही, फक्त धाडस लागतं. शेवटी तोडगा आईनेच काढला. विमान, हॉटेल, ट्रेन, व्हिसा मुलांचं. एफडीला कुणी हात लावायचा नाही. पण तिकडे गेल्यावरचं चहापाणी, जेवण, ट्रामचं तिकीट बाबांचं. त्यासाठी त्यांनी पोस्टातली एक छोटी आरडी काढली. फॉरेक्स कार्ड त्यांच्याच नावावर आणि त्यांच्याच खिशात. व्हिएन्नात कॉफीचं बिल आलं की पाकीट तेच काढणार. स्पॉन्सरच्या पत्रावर त्यांनी मग स्वतःच शुद्धलेखन तपासलं. दोस्तहो, आईवडिलांना ट्रिपला 'नेणार' असाल तर हा मुद्दा आधी सोडवा. त्यांच्या हातात एखादा खरा खर्च आणि खरा निर्णय असू द्या. नाहीतर ते दहा दिवस पाहुण्यासारखे वागतील. महाग आहे म्हणून पाणीसुद्धा मागणार नाहीत.

दुसरा प्रश्न चौघांनाही सतावत होता, पण विचारला भावाने. 'एकाचाच व्हिसा रिजेक्ट झाला तर?' उत्तर एका मिनिटात आलं. गेलो तर चौघं, नाहीतर कुणीच नाही. त्यामुळे हॉटेलं फ्री कॅन्सलेशनवालीच घेतली. विमानाचं फक्त रिझर्व्हेशन केलंय, पक्कं तिकीट व्हिसा हातात आल्यावर. थोडं महाग पडेल. पडू दे.

आता जरा कामाचं. डिसेंबरात तिकडे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळीही साडेसात-आठशिवाय उजाडत नाही. म्हणजे दिवस जेमतेम आठ तासांचा! आमचा फॉर्म्युला साधा आहे. सकाळी उजेडात एकच मोठी गोष्ट, दुपारी रूमवर गुडघ्याला विश्रांती, संध्याकाळी मार्केट आणि दिवे. प्रागमध्ये दगडी फरसबंदीचे रस्ते आहेत, गुडघ्यांचे शत्रू. म्हणून किल्ल्यावर चढून नाही, २२ नंबरच्या ट्रामने जायचं. १३५७ मध्ये बांधायला घेतलेला चार्ल्स ब्रिज मात्र चालतच ओलांडायचा, असा आईचा हट्ट आहे. ओलांडू, हळूहळू. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, पण उत्तरेच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे. आम्ही उत्तरेकडचे!

व्हिएन्नात बाबांना आणखी एक इंटरेस्ट आहे. सुभाषबाबू १९३० च्या दशकात तिथे राहिले होते. एमिली शेंकल यांची आणि त्यांची भेट १९३४ मध्ये तिथलीच. बुडापेस्ट माझं, कारण अमृता शेरगिल १९१३ मध्ये त्या शहरात जन्मली. आणि आईचं सेचेनी, १९१३ मध्येच सुरू झालेली गरम पाण्याची कुंडं. बाहेर कडाक्याची थंडी आणि उघड्यावर वाफाळत्या पाण्यात बसायचं. 'म्हणजे आपलं वज्रेश्वरीच की!' इति आई. फरक एवढाच की तिथे स्विमिंग कॉस्च्युम लागतो. त्यावर घरात अजून चर्चा चालू आहे...

२४ डिसेंबर नीट लक्षात ठेवा. त्या दिवशी दुपारनंतर दुकानं, मार्केट सगळं बंद व्हायला लागतं. २५ आणि २६ ला सुट्टी. आपल्या डोक्यात ख्रिसमस म्हणजे रस्त्यावर धमाल, तिकडे ख्रिसमस म्हणजे सगळे घरात. त्या दिवसांत आम्ही व्हिएन्नात किचन असलेलं अपार्टमेंट घेतलंय. २३ ला दूध, तांदूळ, भाजी भरून ठेवायची. २५ ला शॉनब्रुन राजवाडा, तो सुट्टीच्या दिवशीही उघडा असतो.

खाण्याचं टेन्शन शाकाहारी आईमुळे, पण वाटतं तेवढं नाही. बटाट्याचे पॅनकेक, तळलेलं चीज, बुडापेस्टचा भटुऱ्याचा चुलतभाऊ शोभेल असा लांगोश. सूपमध्ये मात्र मटणाचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. घरून मेतकूट, चटण्या, चिवडा चालेल. साजूक तूप आणि पेढे नाहीत. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं काय, हा प्रश्न होताच. आईने तोही परस्पर मिटवला. उपास फळांवर, कहाणीचं पुस्तक पर्समध्ये, उद्यापन मावशीकडे.

कपड्यांचा एकच नियम, थर. आत थर्मल, वर स्वेटर, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. कारण आत हीटिंग इतकं असतं की जाडजूड स्वेटर एकटाच घातला तर दुकानात घाम आणि रस्त्यावर हुडहुडी! बूट घसरणारे नकोत आणि नवेकोरेही नकोत. आई-बाबा सध्या रोज संध्याकाळी नवे बूट घालून सोसायटीला तीन चकरा मारतात. वॉचमनला वाटतंय, डॉक्टरने सांगितलंय.

एका गोष्टीवर अजून अडलंय. एअरपोर्टवर व्हीलचेअर. ती किमान ४८ तास आधी एअरलाइनला सांगितलेली बरी. आई म्हणते, 'धडधाकट बाई चाकावर बसलेली बघून लोक काय म्हणतील?' मी म्हटलं, लोक आपले पासपोर्ट शोधत असतील. पटलेलं नाही. पण काल बाबांच्या वहीत लाल पेनाने एक ओळ दिसली. 'सौ. - खुर्ची - एअरलाइनला फोन.' त्यामुळे मला आशा आहे.

व्हिसाची अपॉइंटमेंट येत्या गुरुवारी आहे. फाइल तयार, फोटो तयार, बाबांनी चार झेरॉक्स जास्तीच्या काढल्यात. त्यांना एकच वाईट वाटतंय. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्याची जागा कॉम्प्युटरमधली नोंद घ्यायला लागली. 'म्हणजे शिक्का नाही? मग डेपोतल्या लोकांना दाखवू काय?'

फोटो दाखवू बाबा. चार्ल्स ब्रिजवरचा, चौघांचा. आणि वाचकहो, तुमच्या घरात असा एखादा गुडघा असेल तर ऑफिसातला लीव्हचा फॉर्म आजच उघडा. पहिल्या जमातीत अजून जागा आहे.