माजी सैनिकांच्या दवाखान्यात परिचारिकेला अधिकार द्या!

१ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला मानवंदना देतो. १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचा अभिमान बाळगतो. पण पेन्शनवर घरी आलेल्या शिपायाच्या बीपी-शुगरकडे कोण पाहते, त्याच्या विधवेची दवाखान्यात कोण विचारपूस करते, हा प्रश्न आपल्या सभांत येत नाही.

माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. उपचार सर्वांना, पण खाट हुद्द्यानुसार! शिपाई ते हवालदार जनरल वॉर्डात, जेसीओ सेमी-प्रायव्हेटमध्ये, अधिकारी प्रायव्हेटमध्ये. फौजेत हुद्दा लागतोच, असे कुणी म्हणेल. मान्य. पण आजार हुद्दा पाहून येतो का? शिवाय रेफरलचे कागद अधिकाऱ्याला सहज कळतात. शिपायाच्या म्हाताऱ्या विधवेचे काय?

ही दरी डॉक्टरच्या पाच मिनिटांत भरत नाही. गोळ्या का थांबल्या, पायाची जखम का चिघळली, हे परिचारिकेला आधी कळते. आणि ती असते कंत्राटावर! नूतनीकरणाची टांगती तलवार डोक्यावर असताना ती व्यवस्थेला जाब कसा विचारणार?

याच पुण्यात एएफएमसीच्या नर्सिंग कॉलेजातून मुली लेफ्टनंट होऊन बाहेर पडतात. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मेजर जनरलपर्यंत पोहोचता येते. सेवेतल्या सैनिकासाठी परिचारिका अधिकारी असते, मग निवृत्त सैनिकासाठी ती कंत्राटी का?

१८९७ च्या प्लेगमध्ये लष्करात डॉक्टर असलेल्या यशवंतरावांनी हडपसरजवळ दवाखाना उघडला. सावित्रीमाई रुग्णांची वाट पाहत बसल्या नाहीत. वस्तीत जाऊन त्यांना घेऊन आल्या आणि त्यातच गेल्या. नेतृत्व म्हणतात ते हेच.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. पॉलिक्लिनिकमध्ये परिचारिकांची कायम पदे भरा. जुनाट आजारांच्या रुग्णांचा पाठपुरावा आणि गृहभेटी यांचे अधिकार त्यांना द्या. व्यवस्थापनाच्या बैठकीत त्यांना मताचा हक्क द्या.

२०२२ च्या अग्निपथ योजनेतला अग्निवीर चार वर्षांनी घरी पाठवला, तर त्याला पेन्शनही नाही आणि ईसीएचएसही नाही. त्याला सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकेचाच आधार.

मित्रांनो, आपल्या वस्त्यांतल्या मुली नर्सिंग शिकत आहेत. त्यांना नोकरीपुरते थांबू देऊ नका. त्यांच्या संघटनेमागे उभे राहा. विजयस्तंभाला वंदन करणाऱ्यांनी जिवंत सैनिकाच्या खाटेजवळही उभे राहिले पाहिजे.

जय भीम!