सूर्यबिंबांचे जुने दप्तर

सूर्याच्या गतकालीन सक्रियतेचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासकास वृक्षवलयांतील कार्बन-१४ आणि ध्रुवीय हिमातील बेरिलियम-१० ही द्रव्ये सहस्रावधी वर्षे मागे नेतात, हे खरे; परंतु अमुक दिवशी डाग विषुववृत्तालगत होते की उच्च अक्षांशांवर, उत्तर गोलार्ध अधिक जागृत होता की दक्षिण, याची तारीखवार जबानी जुन्या काळापुरती मिळते ती निरीक्षकांनी स्वहस्ते काढलेल्या चित्रांतूनच. गॅलिलिओने १६१२ च्या उन्हाळ्यात जवळजवळ रोज रेखाटलेल्या बिंबांपासून चालत आलेल्या या दप्तराकडे आपण दीर्घकाळ मुख्यतः गणतीच्या हेतूने पाहिले, याचा आम्हांस खेद वाटतो.

झुरिचचे रूडॉल्फ वोल्फ यांनी १८४८ मध्ये, समूहांच्या दसपटीत सुट्या डागांची भर घालून त्या बेरजेस निरीक्षकाच्या गुणकाने गुणण्याची जी रीत घालून दिली, तिचे उपकार थोर आहेत. त्यांच्या मालिकेचा १७४९ पासूनचा आरंभीचा भाग बहुतांशी न्युर्नबर्गच्या योहान कास्पर श्टाउडाखर या हौशी निरीक्षकाच्या चित्रांवर उभा आहे. आकडा काढून झाला की चित्राचे काम संपले, असाच पुढे समज होता. पॉट्सडॅमचे राइनर आर्ल्ट यांनी २००८ च्या सुमारास १७४९ ते १७९६ या काळातील ही सुमारे एक हजार चित्रे पुन्हा हाती घेतली, तेव्हा पहिलीच अडचण दिशेची निघाली. कारण कागदावर पाडलेली प्रतिमा कोणत्या बाजूने उलटली होती आणि बिंबाचा उत्तर बिंदू कोठे होता, याचा खुलासा श्टाउडाखरने पानोपानी केलेला नव्हता. लागोपाठच्या दिवसांच्या चित्रांतून एकच समूह सूर्याच्या परिवलनाने किती व कोणीकडे सरकला हे ताडून, त्यावरून अक्षाची दिशा बसवीत, डागांचे अक्षांश निश्चित करण्यात आले. त्या परिश्रमाचे फळ असे की, पहिल्या दोन चक्रांत खुद्द विषुववृत्ताच्या आसपास डागांची जी दाटी दिसली, ती आपल्या परिचयाच्या फुलपाखरू-आलेखाच्या दोन विलग पंखांशी जुळत नाही. सूर्याच्या अंतर्भागातील चुंबकीय यंत्रणा त्या काळी निराळ्या सममितीने चालत होती काय, हा प्रश्न वोल्फच्या रकान्यांतून कधीच उपस्थित झाला नसता.

डेसाउचे औषधविक्रेते हाइनरिख श्वाबे यांनी १८२५ पासून १८६७ पर्यंत काढलेली आठ हजारांहून अधिक चित्रे आज लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या संग्रहात आहेत. बुधाच्या कक्षेच्या आत एखादा ग्रह असल्यास तो सूर्यबिंबावरून जाताना दिसावा, एवढ्यासाठी आरंभिलेल्या या उद्योगातून त्यांस डागांच्या सुमारे दहा वर्षांच्या आवर्तनाचा शोध लागला, हे सर्वविदित आहे; पण या चित्रांकडेही आपण मुख्यतः गणतीच्याच हेतूने पाहिले.

चित्रांच्या या उपेक्षेहून गंभीर प्रकरण शून्याचे आहे. १९९८ मध्ये डग्लस हॉइट आणि केनेथ शॅटन यांनी डागसमूहांच्या नोंदींचा जो प्रचंड संग्रह सिद्ध केला, त्यापुढे आम्ही आजही नतमस्तक आहोत; तथापि ‘या अवधीत डाग दिसले नाहीत’ अशा एखाद्या मोघम वाक्यावरून अवघ्या अवधीतील दिवसादिवसापुढे शून्य मांडले जावे, किंवा मध्यान्हीचा उन्नतांश मोजण्यात गुंतलेल्या गणितज्ञाने डागांचा उल्लेख केला नाही म्हणून सूर्य निष्कलंक होता असे धरले जावे, हे साक्षीच्या कोणत्याही कसोटीस उतरणारे नव्हे. २०१६ मध्ये होसे वाकेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहाची फेरतपासणी केली, तेव्हा अशा शून्यांना रजा देण्यात आली. १६४५ ते १७१५ चा मॉन्डर-किमानाचा काळ त्यामुळे खोटा ठरला नाही. पॅरिस वेधशाळेत पिकार, ला हीर प्रभृतींनी चिकाटीने टिपलेल्या मोजक्या डागांच्या जागांवरून, त्या काळाच्या उत्तरार्धात डाग प्रायः दक्षिण गोलार्धातच उमटत होते, हेही कळून आले आहे. शंभर अनुमानित शून्यांपेक्षा ठावठिकाणा नोंदलेला एक डाग आम्ही अधिक मोलाचा समजतो.

आपल्याकडे कोडाईकनाल वेधशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच्या सूर्याच्या छायाचित्रपट्टिका आणि हाताने भरलेले सूर्यपट सुरक्षित आहेत, व त्यांचे संगणकीय रूपांतर झाले आहे. अशी कामे अंगावर घेणाऱ्यांस आमची आग्रहाची विनंती आहे की, बिंबाबाहेरचा कागद निरुपयोगी समजून कापू नये. समासातील वेळ, आकाशमानाचा शेरा, दुर्बिणीचा बदल, पुसून पुन्हा काढलेली रेघ, हे सारे चित्राइतकेच अस्सल पुरावे आहेत, आणि निरीक्षकाचा गुणक पुढेमागे नव्याने ठरवावयाचा झाल्यास त्यांवाचून गत्यंतर नाही. जे वाचक आजही पडद्यावर प्रतिमा घेऊन पेन्सिलीने डाग टिपतात, त्यांनी प्रत्येक पानावर दिशा, वेळ आणि प्रक्षेपणाची रीत लिहावी. बिंब स्वच्छ आढळल्यास ‘पाहिले, डाग नाही’ असे स्पष्ट शब्दांत नमूद करून तारीख घालावी, आणि ज्या दिवशी ढगांमुळे वा अन्य कारणाने पाहणे घडले नाही, त्या दिवसाचा रकाना तसे कारण लिहून रिकामाच ठेवावा.